नाव लावण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या विद्यार्थिनीचा पहिला शोधनिबंध छापायला पाठवायला तयार आहे आणि विभागप्रमुखांनी ‘आमचंही नाव घाला’ असा निरोप दिलाय, एवढीच हकिकत तू लिहिलीस. खाली विचारलंस, एवढ्याशा गोष्टीवरून वाकडेपणा घ्यावा का? मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य याच क्षेत्रात जायचंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

विभागप्रमुखांचं म्हणणं असं की यंत्र त्यांच्या अनुदानातून आलं. ते खरं असेल. पण वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिने यावर केव्हाच स्पष्ट लिहून ठेवलंय. नुसता निधी मिळवून देणं किंवा विभागावर सर्वसाधारण देखरेख ठेवणं एवढ्याने कुणी लेखक होत नाही. अशांची जागा ऋणनिर्देशात. लेखक व्हायचं तर चार अटी, आणि चारही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या सच्चेपणाबद्दल उत्तर द्यायची तयारी. ही चौथी अट 2013 मध्ये घातली गेली आणि माझ्या मते खरी अट तीच. पहिल्या तिन्हींची सारवासारव करता येते. ‘हा आकडा कुठून आला?’ असं कुणी विचारलं की मात्र ती करता येत नाही.

2020 च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध घातक ठरतं असं सांगणारा एक निबंध आला होता, आठवतो? 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण. त्याच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोक विचारू लागले, ही रुग्णालयं कोणती? सगळी माहिती सर्जिस्फीअर नावाच्या कंपनीकडे, आणि कंपनीचा प्रमुख चार लेखकांपैकीच एक. बाकीच्या तिघांनी स्वतंत्र तपासणीसाठी मूळ नोंदी मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत त्यांनी निबंध मागे घेतला. त्याच कंपनीच्या माहितीवरचा आणखी एक निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून त्याच दिवशी मागे घेतला गेला. मला यात सर्वांत जास्त टोचतं ते हे की जी मागणी त्यांनी शेवटी केली, ती छापण्याआधी करायला हवी होती. औषध घेणारे लोक होते, चाचण्या चालवणारे डॉक्टर होते. त्या सगळ्यांनी त्या नावांवर विश्वास ठेवला होता.

तरी तिथे चूक पटकन आवरली. 1998 चा तो बारा मुलांवरचा निबंध आठव, ज्याने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीबद्दल आईवडिलांच्या मनात स्वमग्नतेची भीती घातली. लेखक तेरा. त्यांतल्या दहा जणांनी 2004 मध्ये निबंधातून काढलेल्या त्या अर्थापासून फारकत घेतली, आणि निबंध पूर्ण मागे घेतला गेला तो 2010 मध्ये. बारा वर्षं! पत्रकार ब्रायन डिअरने पाठपुरावा केला नसता तर किती लागली असती कोण जाणे. त्या बारा वर्षांत ज्या मुलांना लस मिळाली नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

तू म्हणशील, आमच्याकडे एक नाव वाढतंय, कुणी आकडे बनवत नाहीये. मान्य. पण ज्याने वाचलेलंच नाही त्याचं नाव चालतं हे एकदा ठरलं, की पुढची वाट सोपी होते. आज शोधनिबंधांचे कारखाने, म्हणजे बनावट निबंध तयार करून देणारे धंदेवाईक, लेखकयादीतल्या जागा पैसे घेऊन विकतात. पहिलं नाव महाग, मधलं स्वस्त. हिंदावी या प्रकाशनाला 2023 या एका वर्षात आठ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले, त्यामागे मुख्यतः असलेच कारखाने होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी लागू आहे. आपण भिडेखातर फुकट देतो तीच वस्तू तिथे विकली जाते.

यादीच्या दुसऱ्या टोकाकडेही बघ. रात्री थांबून नमुने तयार करणारा तुमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, ज्याने पद्धतच बदलून दाखवली असं तू मागे लिहिलं होतंस, त्याचं नाव यादीत आहे का? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. त्याला मसुदा वाचायला दे, मत विचार. चारही अटी पुऱ्या करायची संधी त्याला मिळालीच पाहिजे.

आता तुझ्या स्वतःच्या नावाबद्दल. ते यादीत शेवटी, गाइड म्हणून लागणार. तेव्हा एक काम स्वतः कर: तक्ते हाताने तपास. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांची ‘ग्रिम’ नावाची एक साधी तपासणी आहे, कागद-पेन पुरतं. समज, वीस जणांनी एक ते सात यांतला एक पूर्ण आकडा दिला आणि सरासरी छापली 3.47. वीसने गुण, 69.4 येतात. पूर्ण आकड्यांची बेरीज 69.4 कशी होईल? 69 असेल तर सरासरी 3.45, 70 असेल तर 3.50. मधलं काही शक्यच नाही. त्या दोघांनी मानसशास्त्रातले 71 निबंध असे तपासले, तर निम्म्यांत निदान एक तरी अशक्य सरासरी निघाली. बहुतेक ठिकाणी निव्वळ हलगर्जी असेल, टंकलेखनाची चूक असेल. पण ती लेखकांच्या, समीक्षकांच्या, संपादकांच्या सगळ्यांच्या नजरेखालून गेली होती.

आणि मूळ नोंदी मागताना त्या मुलीला अपमान वाटू देऊ नकोस. नेदरलँड्समध्ये डिडेरिक स्टापेल हा मानसशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना स्वतःच बनवलेली माहिती द्यायचा आणि ते बिचारे त्यावर प्रबंध लिहायचे. 2011 मध्ये बिंग फोडलं ते तीन तरुण संशोधकांनी, आपलं करिअर पणाला लावून. त्याचे 58 निबंध मागे घेतले गेले. तिथे विद्यार्थ्यांना नोंदी मागायची मुभा नव्हती. तुझ्याकडे ती दोन्ही बाजूंनी असू दे. तिनेही तुझ्याकडे मागाव्यात.

चूक सापडलीच तर? फ्रान्सेस अर्नोल्ड यांना 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2020 च्या सुरुवातीला त्यांनी आपला ‘सायन्स’ या नियतकालिकातला निबंध मागे घेतला, कारण निष्कर्ष पुन्हा मिळेनात आणि प्रयोगवहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या नोंदीच नव्हत्या. मी इतर कामांत गुंतले होते आणि हे काम नीट केलं नाही, असं त्यांनी जाहीरपणे लिहून माफी मागितली. त्यांचा मान कमी झाला नाही. ही गोष्ट तिला जरूर सांग.

विभागप्रमुखांशी तूच बोल, तिला पुढे करू नकोस. त्यांना मसुदा आणि मूळ नोंदी दे, चार अटी दाखव आणि सांग की वाचून, दुरुस्त्या सुचवून, जबाबदारी घ्यायची तयारी असेल तर यावर नीट बोलू. नाहीतर यंत्राबद्दल ऋणनिर्देशात मनापासून आभार मानू. कुणी काय केलं याचा तक्ताही आत्ताच भरून घे. ‘क्रेडिट’ पद्धतीत 14 भूमिका आहेत, प्रत्येकापुढे नाव लिहायचं. रिकामी ओळ बघितली की बरेचजण स्वतःहून बाजूला होतात. ते रागावतील, पदोन्नतीच्या वेळी तुला त्रासही होईल कदाचित. मला ते कळतं, आणि तरीही हेच सांगेन.

मसुदा आणि तक्त्यांमागच्या फायली मला पाठव. मी लेखक नाही, पण आकडे तपासून देईन.

तुझा,
जुना सहाध्यायी