नोट्स ऐकूही येऊ द्या

महोदय,

कोकणातल्या महाविद्यालयांत नोट्स, वेळापत्रके, परीक्षेच्या सूचना आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफने येतात. ती पीडीएफ पानांचे फोटो जोडून केलेली असेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या सॉफ्टवेअरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकीय क्रमांक) नसलेल्या जुन्या फॉन्टचे त्याहून वाईट: डोळ्यांना शुद्ध मराठी, आत मात्र रोमन अक्षरे, त्यामुळे कानावर नुसता गोंगाट.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. वर्डमध्ये शीर्षक केवळ ठळक न करता ‘हेडिंग’ शैली द्यावी. मग एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबत हव्या त्या मुद्द्यावर जाता येते. आकृतीला पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडर वाचेल असे तिचे वर्णन, हवा. ‘आकृती ३’ असा नव्हे, ‘भरतीचे पाणी खाडीतून खाजणात शिरते’ असा. पीडीएफ ‘सेव्ह अ‍ॅज’नेच करावी. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने हेडिंग आणि पर्यायी मजकूर गळतात, आणि केलेली सगळी मेहनत इथेच वाया जाते. पाठवण्याआधी मॉनिटर बंद करून एक पान ऐकावे.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा शासनमान्य संस्थांना लागू आहेच. विद्यार्थ्याच्या अर्जाची वाट कशाला? जुन्या नोट्स एकदम होणार नाहीत, येत्या परीक्षेच्या विषयांपासून सुरुवात करावी.

— संगणक विभागातील शिक्षक, रत्नागिरी