मावशी, तुम्ही हात लावलात म्हणून

मावशींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तिने तसं कबूल केलंय. खरं तर मंडईत, तुमच्या भाजीच्या गाळ्यावर येऊनच सांगायला हवं होतं. पण तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही हातात मेथीची जुडी देता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून लिहून आणि चारचौघांत सांगते आहे. पुण्यात माझ्यासारखी चित्रं काढणारी बरीच मुलं-मुली आहेत. मी जे शिकले ते कुणाकडून, हे त्यांनाही कळू दे.

आपली अ‍ॅनिमेशनची, म्हणजे हलत्या चित्रांची फिल्म पूर्ण झाली. साडेचार मिनिटांची आहे. भाजीवाली पाटी उचलून डोक्यावर घेते तो प्रसंग त्यात जेमतेम 9 सेकंदांचा आहे. त्या 9 सेकंदांसाठी मी सात महिने दर शनिवारी सकाळी तुमच्या गाळ्यामागे बसले.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पडद्यावर एका सेकंदात 24 फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. त्यातली मोजकी आधी काढायची, त्या 'की पोझ', म्हणजे मुख्य मुद्रा. हालचालीत काय चाललंय ते सांगणारे क्षण तेवढेच असतात. मधली चित्रं, म्हणजे इनबिटवीन, नंतर भरतात. की पोझ मुकी असेल तर मधली चित्रं कितीही सफाईने काढली तरी हालचाल गुळगुळीत होते, बोलत नाही. माझं तेच होत होतं. माझी भाजीवाली स्टुडिओतून चार वेळा परत आली. लुगड्याच्या निऱ्या नीट, हातातल्या बांगड्या नीट, पण बाई पाटी उचलतेय की नुसती धरून उभी आहे, ते बघणाऱ्याला कळत नव्हतं.

म्हणून मी वही घेऊन मंडईत आले. मंडईची ती 1886 सालची दगडी इमारत आणि मधला अष्टकोनी मनोरा मी कॉलेजात असताना कितीतरी वेळा काढला होता. त्या चित्रांतली माणसं मात्र ठिपक्यांएवढी असायची. पहिल्या दिवशी वाटेत उभी राहून काढत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात होते. तुम्ही रिकामा क्रेट पालथा घातलात आणि म्हणालात, "बस हितं." एवढंच. कोण, कुठली, काय काढतेस, काही विचारलं नाहीत.

तासाभराने तुम्ही वही मागितलीत. चित्रात बाई पाटी उचलत होती. भुवया आवळलेल्या, दात दाबलेले, कपाळावर घाम. तुम्ही विचारलंत, "पाटीत काय हाय?" मी म्हटलं, मेथी. "मग मेथीला एवढं तोंड कशाला करतीय?" आणि तुम्ही अंगठा चित्रावर ठेवून तिचा चेहरा झाकलात. नखाच्या कडेला पालेभाजीचा हिरवा डाग होता, तो कागदावर उमटला. तोंड झाकल्यावर खाली राहिली ती एक ताठ बाई, हात पुढे केलेली, अंगावर कसलंच ओझं नसलेली. मी सगळं वजन चेहऱ्यावर टाकलं होतं. ते पान मी जपून ठेवलंय, हिरव्या ठशासकट.

त्यानंतर मी महिनाभर चेहरे काढलेच नाहीत. डोक्याच्या जागी नुसता गोल. आणि मग दिसायला लागलं. मेथीची पाटी असली की बाई उचलताना शेजारणीशी बोलत असते, कंबर सैल असते. बटाट्याची असली की बोलणं आधी थांबतं. पाय आधी रुंद होतात, टाचा रोवल्या जातात, मग हात खाली जातात. एका हातात पिशवी जड असली की सगळं अंग विरुद्ध बाजूला कलतं आणि मोकळा हात आपोआप बाहेर फेकला जातो. पाठीवर 50 किलोचं पोतं घेतलेला माणूस कमरेत वाकतो, डोकं पुढे काढतो आणि आखूड, भरभर पावलं टाकतो. ओझं आणि पाय यांचा तोल सुटायच्या आत पुढचं पाऊल पडायला हवं असतं. ते मला एका फेरीत पकडता येईना, तर तुम्ही त्या दादांना हाक मारून म्हणालात, "पोरीला दिसलं न्हाई, जरा सावकाश जा की." आणि ते खरंच सावकाश गेले. पाठीवर पोतं असताना सावकाश जाणं किती अवघड असतं ते तेव्हा मला कळलं नव्हतं. दादा, तुमचेही आभार.

पण सगळ्यात मोठी गोष्ट गुडघ्याची. माझ्या चित्रांत पाटी जमिनीवर होती आणि मग डोक्यावर होती. मधला प्रवास मी सरळ रेषेत भरला होता. तुम्ही स्वतः उचलून दाखवलंत. आधी फडक्याला पीळ देऊन चुंबळ वळलीत, डोक्यावर बसवलीत. मग उकिडवं बसून पाटी ओढलीत आणि ती आधी गुडघ्यावर आली. तिथे ती थांबली. तुम्ही श्वास घेतलात, इकडेतिकडे बघितलंत आणि शेजारच्या बाईंना म्हणालात, "हात लाव गं." त्या बाईंनी एका बाजूने हात लावला आणि पाटी एका झोक्यात वर गेली. वर गेल्यावर मान स्थिर झाली, पाठ सरळ झाली, जे काही हलायचं ते कमरेखाली हलायला लागलं.

गुडघ्यावर थांबलेली पाटी ही माझी हरवलेली पोझ होती. पाटीचं वजन तिथे दिसतं, आणि ती एकटीने उचलली जात नाही हेही तिथेच कळतं. फिल्ममध्ये मी तो क्षण पूर्ण 16 फ्रेम धरून ठेवलाय. बाकी सगळं त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

तुमच्या डोळ्यांबद्दलही लिहायला हवं. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. लांबचं माणूस तुम्हाला नुसतं काळं-पांढरं, आकारासारखं दिसायचं. तरीही कमानीतून आत येणाऱ्या बाईकडे बघून तुम्ही सांगायचात, ही घेणार, ही नुसती भाव विचारणार. मी कसं ते विचारलं. "पाय बघ तिचं. तोंड हिकडं हाय, पाय दाराकडं." आमच्या कामात याला सिलुएट म्हणतात. आकृती पूर्ण काळी केली तरी काय चाललंय ते कळलं पाहिजे. अंगासमोर घेतलेले हात काळ्यात बुडून जातात, म्हणून ते बाजूला, मोकळ्या जागेत काढायचे. कोपर आणि कमर यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण तुम्ही ते रोज सकाळी भवानी व्हायच्या आधीपासून वापरत होतात. मग मी माझी चित्रं काळी भरून आणायला लागले. तुम्ही वही हातभर लांब धरायचात. ओळखलंत तर ठेवायचं, नाही ओळखलंत तर परत काढायचं. ऑक्टोबरात एका शनिवारी 11 चित्रांपैकी तुम्ही 2 ओळखलीत. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं होतं, हे तुम्हाला माहीत नाही.

एकदा वहीच्या शेवटच्या पानावर मी सहज एक काळी आकृती काढली होती, मागे झुकलेली, तोंडाला लांब तुतारी लावलेली. तुम्ही क्षणात म्हणालात, "ही तर प्रभातची बाई." लहानपणी सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर बघितलेली. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली ती 1933 साली. त्यांच्या बोधचिन्हातली ती तुतारीवाली तुम्हाला इतक्या वर्षांनी, अधू डोळ्यांनी, नाकडोळे नसताना ओळखता आली. पायापासून तुतारीच्या टोकापर्यंत एकच वळण जातं. तिला लाइन ऑफ अ‍ॅक्शन म्हणतात. पोझ काढताना ती एक रेघ मी आता सगळ्यात आधी मारते.

आणि पांडुरंगाची गोष्ट. मी बाई उभी काढली होती, दोन्ही हात कमरेवर, दोन्ही पाय सारखे. तुम्ही म्हणालात, "असा फकस्त पांडुरंग हुभा ऱ्हातो. त्याला कुठं जायचंय?" दोन्ही बाजू सारख्या झाल्या की आकृती थिजते. याला आम्ही ट्विनिंग म्हणतो आणि टाळतो. पण का टाळायचं, ते असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाचा भार एका पायावर असतो, त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो, कारण थोड्या वेळाने पाय बदलायचा असतो. विठोबा वाट बघत उभा आहे, तो हलणार नाही, म्हणून त्याला तीच पोझ शोभते. फिल्मच्या शेवटी भाजीवाली एकदाच तशी उभी राहते, सगळी भाजी विकून झाल्यावर. ती कल्पना तुमची आहे, आणि श्रेयनामावलीत तुमचं नाव त्यासाठी आहे. नातीला विचारून शुद्धलेखन तपासून घेतलंय.

चहाचे पैसे तुम्ही कधी देऊ दिले नाहीत. पावसात वही भिजू नये म्हणून गोणपाटाखालचा प्लास्टिकचा कागद काढून दिलात, भाजी मात्र भिजली. डिसेंबरात मी दोन शनिवार आले नाही तर माणूस पाठवून चौकशी केलीत. तेव्हा मी हे काम सोडून देण्याच्या विचारात होते. तुम्ही काही समजावलं नाहीत. क्रेट पुन्हा पालथा घातलात.

येत्या शनिवारी टॅब्लेट घेऊन येते. आता तुमचे डोळे छान झालेत, सगळं दिसेल, रंगसुद्धा. पण पहिल्यांदा दाखवताना मी आवाज बंद ठेवणार आहे आणि तिच्या तोंडावर अंगठा धरणार आहे. पाटीत काय आहे, ते तुम्ही सांगायचं.

तुमची,
क्रेटवरची पोरगी