आंबट बिअर म्हणजे नासलेली बिअर नव्हे

संपादक साहेब, सनविवि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रसेल्सवर अख्खं पान होतं, चॉकलेट झालं, वॉफल झालं, तो शू करणाऱ्या पोराचा पुतळा पण झाला आणि बिअरवर फक्त एक ओळ, "तिथे आंबट बिअर मिळते, जपून." अहो जपून कशाला? मी साठी उलटल्यावर ती पहिल्यांदा प्यायलो आणि तेव्हापासून घरचे माझ्या बडबडीला वैतागलेत.

मुलगी तिकडे नोकरीला असते, तिने काँतियाँ नावाच्या ब्रुअरीत नेलं, 1900 सालची आहे आणि 1978 पासून तिथेच म्युझियम. पहिला घोट घेतला तर आमसूल चावल्यासारखं तोंड झालं, म्हटलं अगं ही खराब झालीय, परत दे. दुसऱ्या घोटाला गप्प बसलो. दुसरा ग्लास मीच मागितला (हे आमच्या हिला कळवू नका).

या बिअरला लॅम्बिक म्हणतात आणि गंमत म्हणजे तिच्यात यीस्ट कुणी घालतच नाही. जव आणि गव्हाचं पाणी हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी सुकी फुलं) घालून तासन् तास उकळायचं, हॉप्स पण मुद्दाम जुने, कारण कडूपणा नको, फक्त बिअर टिकायला हवेत, मग ते सगळं छपराखालच्या तांब्याच्या भल्यामोठ्या उथळ टाकीत रात्रभर उघडं गार होत ठेवायचं. हवेतले आणि त्या जुन्या इमारतीतले जंतू आपोआप येतात, सकाळी माल लाकडी पिंपात, पुढे एक ते तीन वर्षं आंबत बसतो. आपल्या इडलीच्या पिठात तरी कोण यीस्ट घालतं? तिथे कोळ्याची जाळी पण काढत नाहीत, कोळी माश्या खातात म्हणून. हिने बघितलं असतं तर झाडूच घेतला असता.

एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून बाटलीत भरली की ग्यूझ, कोवळीतली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते म्हणून फेस येतो. आंबट चेरी घातली की क्रीक. हे रात्री उघड्यावर गार करणं थंडीतच जमतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि 2015 च्या नोव्हेंबरात रात्री गारच पडेनात म्हणून काँतियाँला काम थांबवावं लागलं होतं. छापायची बातमी ही होती हो!

मुलीने यंदा येताना ग्यूझच्या दोन बाटल्या आणल्या. एक संपली. दुसरी माळ्यावर आडवी ठेवलीय, पाच वर्षं हात लावायचा नाही असं ठरवलंय, बघू. तुमच्या पुरवणीवाल्यांना तोवर यायचं असेल तर या म्हणावं, पण ते "जपून" आधी मागे घ्या.

आपला,
एक जुना वाचक, पुणे