नाव एकच, काम उलटं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, अशा बातम्या तुमच्या पेपरात रोजच असतात आणि त्या पाहिजेतच. पण छोट्या कारखान्यांना सध्या अँटिव्हायरससोबत 'अॅप्लिकेशन कंट्रोल' (कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारं) म्हणून जे विकणं चाललंय त्याबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये अकाउंट्स बघतो, आणि कॉम्प्युटरमधलं थोडंफार समजतं हे मालकांना एकदा कळलं तेव्हापासून २६ पीसींची रडगाणी माझ्याच टेबलावर येतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पर्चेसच्या पोराने मेलमधून आलेलं कोटेशन उघडलं. चित्र पीडीएफचं, नाव पण पीडीएफचं, फक्त विंडोज शेवटचं एक्स्टेंशन लपवतं आणि ते होतं ईएक्सई, म्हणजे उघडलं की चालू होणारा प्रोग्राम. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेअर्ड फोल्डरमधली एक फाइल धड उघडेना. अँटिव्हायरस अपडेटेड होता बरं का, हिरवी टिक दाखवत बसला होता. टॅलीचा शनिवारचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो, चार दिवसांच्या एंट्र्या मात्र बिलं पुढ्यात घेऊन परत मारल्या.

मग डीलर लोकांची रांग लागली. तिघांचे डेमो बघितले, तिघंही म्हणाले आमच्यात अॅप्लिकेशन कंट्रोल आहे, आणि खरंच होतं, फक्त एकाचं दुसऱ्याच्या बरोबर उलटं. एका प्रकारात कंपनी तयार यादी देते, गेम, टोरंट, रिमोटवाले सॉफ्टवेअर, त्यातलं नको ते टिक करून बंद करायचं, बाकी सगळं चालू. सोफॉसमध्ये या नावाखाली हेच मिळतं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही परवानगी दिलेलं तेवढंच चालणार, बाकी सगळं बंद, थ्रेटलॉकर आणि एअरलॉक डिजिटल ही सॉफ्टवेअर मुळातच अशी आहेत. कॅस्परस्कीत दोन्ही मोड आहेत पण मुद्दाम बदलल्याशिवाय ते पहिल्या पद्धतीनेच चालतं. आता आमच्याकडे आलेली ती ईएक्सई कोणाच्या तयार यादीत असणार होती सांगा! म्हणून मी डीलरला एकच विचारतो, यादीत नाव नसलेलं सॉफ्टवेअर चालेल का नाही चालणार? एकाला एवढ्यासाठी ऑफिसला फोन लावावा लागला.

विंडोजमध्येच अॅपलॉकर नावाचं या दुसऱ्या प्रकारचं कंट्रोल आहे, विंडोज ७ पासून, वेगळे पैसे नाहीत, आणि हे मला एकाही डीलरने सांगितलं नाही (कशाला सांगतील). त्यात परवानगी तीन प्रकारे देता येते, फोल्डर बघून, बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही बघून किंवा त्या फाइलचा हॅश म्हणजे बोटाच्या ठशासारखा नंबर घेऊन. सगळ्यात सोपा फोल्डरचा नियम आणि फसायला पण तोच होतो. आमची टॅली डी ड्राइव्हवर, त्या फोल्डरला सगळ्यांना फुल परमिशन, बऱ्याच ऑफिसांत असंच असतं, मग त्या फोल्डरला हो म्हटलं की कोणीही त्यात काहीही टाकून चालवू शकतो. सहीचा नियम चांगला, पण प्लाझ्मा कटिंगच्या मशीनसोबत जुनं सॉफ्टवेअर आलंय त्याच्यावर सहीच नाही. हॅश एकदम पक्का, पण सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की ठसा बदलला, नवीन परवानगी द्या. आणि एक्सेलच्या मॅक्रोला, म्हणजे फाइलच्या आत असलेल्या छोट्या प्रोग्रामला, अॅपलॉकर अडवत नाही, ते वेगळं बंद करावं लागतं.

खरी गंमत एका डीलरच्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये झाली. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी भरायचं, आमची प्रायव्हेट लिमिटेड म्हणून डिजिटल सहीचं डोंगल लावावंच लागतं, आणि त्या सहीच्या सॉफ्टवेअरने दुपारी स्वतःच अपडेट घेतलं. ठसा बदलला, कंट्रोलने अडवलं. संध्याकाळचे साडेसहा, परवानगी द्यायचा पासवर्ड डीलरकडे, आणि डीलर म्हणतो उद्या सकाळी बघतो. मालक डोक्यावर उभे, "काहून चालत नाही रे ते?" शेवटी मी कंट्रोलच काढून टाकलं आणि रिटर्न भरलं, म्हणजे ज्या कामासाठी आणलं होतं तेच गेलं.

तेव्हापासून फीचरचे तक्ते मी बघतच नाही, नेमक्या वेळेला परवानगी कोण देणार ते विचारतो. थ्रेटलॉकरवाल्यांची माणसं त्यासाठी २४ तास असतात, एअरलॉकमध्ये एका पीसीला थोड्या वेळापुरतं मोकळं करायला कोड देता येतो. अॅपलॉकरमध्ये यातलं काहीच नाही, तिथे तो माणूस म्हणजे मीच. आणि लावायचं तर सगळ्या पीसींवर. बिट९ नावाची अमेरिकन कंपनी हेच सॉफ्टवेअर बनवायची, फेब्रुवारी २०१३ मध्ये उघड झालं की तिच्याच नेटवर्कमध्ये चोर शिरले होते आणि कंपनीची डिजिटल सही वापरून गेले, कारण स्वतःच्याच काही कॉम्प्युटरवर स्वतःचं सॉफ्टवेअर टाकायचं राहून गेलं होतं!

सध्या आम्ही अॅपलॉकर ऑडिट मोडवर ठेवलंय, म्हणजे अडवत काही नाही, अडवलं असतं ते विंडोजच्या नोंदवहीत ८००३ नंबरखाली लिहून ठेवतं. रोज संध्याकाळी त्या नोंदी वाचतो, बहुतेक क्रोम, झूम, प्रिंटरचे ड्रायव्हर असलंच काहीतरी. काल मात्र कटिंगच्या पीसीवर पेनड्राइव्हवरून चाललेलं एक नाव निघालं, तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना विचारलं, कोणीच हो म्हणत नाही. ते कोणाचं ते कळेपर्यंत नवीन काही विकत घ्यायचं नाही असं मालकांना सांगून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर