झाडं भराभर वाढतील, पण उभी राहतील का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

परवाच्या पुरवणीत तुम्ही छापलंत की हवामान तापलं तर स्वीडन, फिनलंडकडच्या जंगलांना उलट फायदाच, झाडं जोमात वाढतील आणि लाकूड जास्त मिळेल. मी दक्षिण स्वीडनला स्मोलांडमध्ये राहतो, इथे जिकडे तिकडे स्प्रूसच स्प्रूस (सुईसारख्या पानांचं, लाकडासाठी लावलं जाणारं झाड), म्हणून लिहावंसं वाटलं.

अर्धं खरं आहे. इथे झाडांची वाढ थंडीनेच अडायची, त्यामुळे उन्हाळा लांबला की ती वाढतात. पण पाणी नको का? २०१८ च्या उन्हाळ्यात पावसाने साफ दगा दिला, आणि तहानलेल्या स्प्रूसला पुरेशी राळ सोडता येत नाही, किड्याला अडवायला त्याच्याकडे मुख्य हत्यार तेच असतं. मग साल पोखरणारे भुंगेरे घुसले ते पुढची काही वर्षं हटलेच नाहीत, काही कोटी घनमीटर लाकूड उभ्या उभ्या वाळलं. बुंध्याशी कॉफी पावडरसारखा तपकिरी भुसा दिसला की समजायचं झाड गेलं, साल नखाने सुद्धा निघते आणि आत अळ्यांनी कोरलेल्या बारीक नळ्या दिसतात. पूर्वी या भुंगेऱ्यांची उन्हाळ्यात साधारण एकच पिढी व्हायची, आता गरम वर्षी दोन होतात!

हिवाळ्याचंही तेच, तो उबदार झाला की जमीन गोठत नाही. जमीन गोठलेली असली की मुळं घट्ट धरून राहतात आणि तोडणीची अवजड मशिनंही दलदलीवरून आरामात जातात. जानेवारी २००५ मध्ये गुड्रुन वादळ आलं तेव्हा जमीन ओली आणि मऊ होती, एका रात्रीत साडेसात कोटी घनमीटर झाडं आडवी झाली, म्हणजे जवळपास अख्ख्या देशाची वर्षभराची तोड. आणि गंमत बघा, त्यानंतर बहुतेकांनी परत स्प्रूसच लावला! कारण पाईन आणि बर्चची रोपं मूस हरणं खाऊन टाकतात, स्प्रूसला सहसा तोंड लावत नाहीत.

"जेवढं वाढतं त्यापेक्षा कमी तोडा" हा इथला शाश्वत वनीकरणाचा हिशोब. पण आज लावलेलं रोप तोडायला साठ-सत्तर वर्षं लागतात, तोवर किती दुष्काळ आणि वादळं येतील ते यात कुठे धरलंय? त्यामुळे मिश्र झाडं लावा, सगळं जंगल एकदम साफ न करता निवडून तोडा असं म्हणणारे वाढताहेत, पण लाकूड कंपन्यांना सरसकट तोड सोपी आणि स्वस्त पडते. पुढच्या वेळी वाढीचा आकडा छापताना किडीने आणि वादळाने किती गेलं तोही शेजारी छापा एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, स्मोलांड (स्वीडन)