गीतकार नवखा कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील कंट्री संगीतावरचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला. परंतु आयुष्यभर इतरांसाठी गाणी लिहून उतारवयात स्वतःचा अल्बम काढणाऱ्या गीतकारांना त्यात सरसकट ‘नवोदित गायक’ म्हटले आहे, ते खटकले. अर्थात ही चूक एकट्या लेखकाची नाही. गीतकार-गायक ख्रिस स्टेपल्टन २००१मध्ये कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आला, केनी चेस्नी आणि जॉर्ज स्ट्रेट यांनी गायलेल्या गाण्यांच्या लेखनात त्याचा वाटा होता आणि तरीही २०१५मध्ये पहिला एकल अल्बम आल्यावर कंट्री म्युझिक असोसिएशनने सदतिसाव्या वर्षी त्याला ‘नवोदित कलाकार’ ठरवले, तेही त्याच रात्री सर्वोत्कृष्ट गायकाचा मान देऊन!

वास्तविक नॅशव्हिलमध्ये गाणे एखाद्या गायकाने घ्यावे म्हणून आधी त्याचे साधे ध्वनिमुद्रण, म्हणजे डेमो, तयार करतात आणि पुष्कळदा तो गीतकाराच्याच आवाजात असतो. तेथील ब्लूबर्ड कॅफेत तर गीतकार खोलीच्या मधोमध गोल बसून आपापली गाणी आळीपाळीने गातात आणि भोवतालचे श्रोते कुजबुजही न करता ऐकतात. अशा माणसाला गाण्याचा सराव नसतो, असे कोण म्हणेल? त्याचा आवाज सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचलेला नसतो, इतकेच.

विली नेल्सनचे उदाहरण लेखात यायला हवे होते. त्याने लिहिलेले ‘क्रेझी’ हे गाणे १९६१मध्ये गायिका पॅट्सी क्लाइनने घरोघरी पोहोचवले. त्याचे स्वतःचे अल्बम १९६२पासून निघत होते; पण तालाच्या किंचित मागे रेंगाळत शब्द टाकण्याची त्याची लकब नॅशव्हिलच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत बसेना. अखेर तो टेक्सासला परतला आणि १९७५मध्ये मोजक्याच वाद्यांच्या साथीने केलेल्या अल्बममधून त्याच लकबीने लोकप्रिय झाला. गंमत म्हणजे, त्या अल्बममधले गाजलेले गाणे त्याने नव्हे, फ्रेड रोझने लिहिलेले होते. स्टेपल्टनला घराघरांत नेणारे ‘टेनेसी व्हिस्की’ही डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांनी लिहिलेले. म्हणजे या दोघांना श्रोत्यांनी स्वीकारले ते निव्वळ गळ्यासाठी.

आपल्या लेखात सात-आठ गाण्यांचे उल्लेख आहेत, पण प्रत्येकापुढे केवळ गायकाचे नाव आहे. पुढील भागात गीतकारांची नावेही छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक