त्या ८५ आकड्याबद्दल

प्रिय वैशू,

तुझं पत्र कालच मिळालं. झाडांवर मावा पडलाय, त्यासाठी इमिडाक्लोप्रिड आणलंयस, आणि सोबतच्या माहितीपत्रकात ‘डॅफ्निया मॅग्ना, ४८ तास, ईसी५० : ८५ मिलिग्रॅम प्रति लिटर’ अशी एक ओळ सापडली. ‘आकडा बराच मोठा दिसतोय, म्हणजे तळ्याला धोका नाही ना?’ असं तू विचारलंस. फवारणी दोन दिवस थांबव आणि आधी हे पत्र वाच. असे आकडे जिथे तयार होतात तिथेच माझा दिवस जातो, त्यामुळे तुला नुसतं हो-नाही कळवून मला चैन पडणार नाही.

डॅफ्निया तू पाहिली असशील, नाव माहीत नसेल इतकंच. साचलेल्या गोड्या पाण्यात झटके देत वरखाली करणारे बारीक ठिपके असतात ना, त्यातलीच ही. लोक तिला पाण्यातली पिसू म्हणतात, पण ती पिसू नाही. नात्यानं कोळंबी-खेकड्यांच्या जवळची आहे. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम ५ मिलिमीटरची. अंग पारदर्शक, एकच काळा टपोरा डोळा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पाठीशी धडधडणारं हृदय स्पष्ट दिसतं. दाटी नसेल, खायला पुरेसं असेल, तर भांड्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय पिल्लं होतात आणि पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब प्रत. चाचणीला हे फार सोयीचं, कारण सगळे जीव एकाच मुशीतले असले की फरक दिसला तो रसायनाचाच, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

संध्याकाळी पिल्लं भरलेल्या माद्या मी वेगळ्या काढून ठेवते. सकाळपर्यंत झालेली पिल्लं चाचणीला घ्यायची, म्हणजे वय २४ तासांच्या आत. पहिल्या वेताची पिल्लं घेत नाहीत. पिपेटनं उचलून सोडताना पिपेटचं टोक पाण्याखाली गेलंच पाहिजे. वरून थेंब टाकला तर पिल्लाच्या कवचाखाली हवा अडकते, ते पृष्ठभागावर तरंगत राहतं आणि सुटता सुटत नाही. विषाचा काही संबंध नसताना एक जीव वाया जातो. शिकत होते तेव्हा माझ्या हातून असे कितीतरी गेले, आणि तेव्हापासून हे काम मी घाईत करत नाही.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२ क्रमांकाची मार्गदर्शिका आम्ही पाळतो. तिचं सध्याचं रूप २००४चं. रसायनाच्या प्रमाणाच्या किमान पाच पायऱ्या करायच्या आणि लगतच्या दोन पायऱ्यांमध्ये २.२ पटीहून जास्त अंतर ठेवायचं नाही. प्रत्येक पायरीला २० पिल्लं, शक्यतो पाच-पाचच्या चार बीकरांत. तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, आणि एकदा ठरलं की अंशभरापेक्षा जास्त हलू द्यायचं नाही. ४८ तास खाणं नाही, पाण्यात हवा सोडणं नाही. सुरुवातीला आणि शेवटी पाण्यातलं रसायन मोजून पाहायचं, कारण काही द्रव्यं काचेला चिकटतात, काही उडून जातात. बाटलीतून किती घातलं यापेक्षा पाण्यात किती उरलं ते खरं.

मग २४ तासांनी आणि ४८ तासांनी मोजणी. बीकर अलगद गोल हलवायचा आणि १५ सेकंद बघायचं. तेवढ्यात जे पिल्लू पोहलं नाही ते ‘अचल’ म्हणून लिहायचं. त्याच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, थरथरत असल्या तरीही. इतक्या लहान, काचेसारख्या जीवाचा मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला हे डोळ्यांनी ठरवता येत नाही; पोहणं थांबलेलं मात्र दिसतं. ते १५ सेकंद मला अजूनही लांब वाटतात. पिल्लू तळाशी पडलेलं असतं, शृंगिका एकदा हलते, मनात येतं की आता उठेल, आणि ते उठत नाही. मी पेन्सिलनं आकडा लिहिते.

त्या आकड्यांतून ईसी५० निघतो, म्हणजे निम्मी पिल्लं अचल करणारं प्रमाण. समज, १, २, ४, ८ आणि १६ मिलिग्रॅमच्या पायऱ्या आहेत आणि वीसपैकी अनुक्रमे ०, २, ७, १५ आणि २० अचल झाली. मग निम्म्याची रेषा ४ आणि ८च्या मध्ये कुठेतरी, हिशेबानं पाचाच्या जरा वर पडते. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. तातडीच्या विषारीपणात लिटरमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आलं की रसायन पहिल्या, म्हणजे सगळ्यात जहाल वर्गात जातं, मग बाटलीवर मेलेला मासा आणि वठलेलं झाड असं धोक्याचं चिन्ह येतं. तो मासा कित्येकदा एखाद्या डॅफ्नियामुळे तिथे आलेला असतो.

आणि एक बीकर असा असतो ज्यात काहीच घालायचं नाही, नुसतं पाणी. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यात अडकलेला असतो. तिथे १० टक्क्यांहून जास्त पिल्लं अचल झाली तर अख्खी चाचणी रद्द. मागच्या महिन्यात तेच झालं. बाकी सगळ्या पायऱ्यांचे आकडे इतके सुंदर चढत गेले होते की आलेख न काढताच रेष दिसत होती. आणि कंट्रोलमध्ये वीसातली तीन तळाशी. म्हणजे १५ टक्के. ‘दोन चालली असती, एकासाठी काय अडवतेस?’ असं शेजारी उभ्या असलेल्या एकानं म्हटलंही. मी वही मिटली आणि बीकर रिकामे केले. नुसत्या पाण्यात जीव मरत असतील, तर बाकीच्या बीकरांतले कशानं मेले हे मी कुठल्या तोंडानं सांगू? कारण चार दिवसांनी सापडलं. पाण्याच्या नळीला नवा पितळी जोड बसवला होता आणि त्यातून तांबं पाझरत होतं. मऊ पाण्यात लिटरमागे दहा-वीस मायक्रोग्रॅम तांबंही डॅफ्नियाला भारी पडतं, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जोड बदलला, नवी पिल्लं घेतली, सगळं पुन्हा केलं.

आता तुझे ८५. आकडा खरा आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण तो डॅफ्नियाचा आहे. इमिडाक्लोप्रिड कीटकांच्या मज्जातंतूंमधल्या ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागांना, घट्ट धरतं, आणि डॅफ्निया कीटक नाही. या रसायनापुढे ती आश्चर्य वाटावं इतकी टिकाव धरते. तुझ्या तळ्यात मात्र कीटकांच्या अळ्या आहेत. मेफ्लायची पिल्लं असतील, आणि चिखलात कायरोनोमसच्या त्या लाल अळ्या तर नक्कीच, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या. त्यांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा घातक ठरतात. म्हणजे हजारो पटींचा फरक, वैशू! शिवाय जितके दिवस त्या पाण्यात राहाव्या लागतील तितकं कमी प्रमाण पुरतं. म्हणूनच कायरोनोमसच्या कोवळ्या अळ्यांवरची ४८ तासांची वेगळी मार्गदर्शिका २०११मध्ये आली, क्रमांक २३५. ती यायला इतकी वर्षं का लागली, याची मला मनापासून खंत वाटते. पाण्यातल्या सगळ्या बिनकण्याच्या जीवांच्या वतीनं आपण फार काळ एकटीलाच साक्षीला उभं केलं.

दोन दिवसांत न दिसणारंही बरंच असतं. त्यासाठी डॅफ्नियावरच २१ दिवसांची चाचणी करतात आणि झालेली पिल्लं मोजतात. कीटकांची वाढ रोखणारी काही रसायनं, पायरीप्रॉक्सिफेनसारखी, थोड्या प्रमाणात असली की मादी मरत नाही, मजेत पोहते, खाते, पण तिला नर पिल्लं होऊ लागतात. ४८ तासांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य लागलं असतं.

तेव्हा तळ्याच्या बाजूच्या झाडांवर हे औषध मारू नकोस. तिथला मावा पाण्याच्या जोरदार धारेनं पाडता येतो, दोन-चार दिवसांनी पुन्हा करावं लागेल एवढंच. बाकी झाडांवर मारलंस तर पंप आणि बादली तळ्याशी धुऊ नकोस, आणि पावसाचं पाणी तिकडेच वाहत असेल तर तिथेही मारू नकोस. आणि माझं एक काम कर. त्याच माहितीपत्रकाचा १२वा विभाग काढ, तुझी ती ओळ तिथलीच असणार. तिच्याखाली आणखी कुठल्या जीवांची नावं आहेत, किती तासांची किंवा दिवसांची चाचणी आहे, आकड्यापुढे मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम, हे नीट बघ आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. कायरोनोमसची ओळ नसली तर तेही कळव.

उद्या सकाळी माझी ४८ तासांची मोजणी आहे. मघाशी जाऊन बघून आले, कंट्रोलमधली वीसच्या वीस पोहतायत.

तुझी,
मीना